उपडं मानपत्र

दादा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून गुरुजी मागे सरकले, आम्ही नीट हात जोडायच्या आधीच तो उतरला आणि घास घेऊन गेलासुद्धा. घाटावर सगळ्यांना हायसं वाटलं. उन्हात तासभर ताटकळायच्या तयारीने आलेली मंडळी लगेच चपला शोधायला लागली. मंडईतल्या आपल्या मंडळाचे अध्यक्ष बबनराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, तात्यांची काही म्हणजे काही इच्छा मागे राहिली नव्हती. तृप्त माणूस." मी मान डोलावली. तुझी एक इच्छा राहिली होती आणि ती मला माहीत होती. कावळ्याला माहीत नसावी.

सारी मंडई तुला तात्या म्हणायची, मी दादा म्हणायचो आणि तू मला मास्तर म्हणायचास. कॉलेजात शिकवायला लागलो त्या दिवसापासून. "प्राध्यापक म्हण की," असं मी एकदा लाडात येऊन म्हणालो, तर म्हणालास, "कांद्याला मी कांदाच म्हणतो." तुझ्याबद्दल मी कुठे कुठे बोललो याची मोजदाद नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, शिक्षकदिनाला, माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनात, एकदा तर शेजाऱ्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात. तुझ्याशी मात्र फारसा बोललो नाही. रविवारी सकाळी पिशवी घेऊन यायचं, गाळ्याच्या कडेला टेकायचं, तू न विचारता भरलेली भाजी उचलायची आणि कर्वेनगरला परत जायचं, एवढंच आपलं चालायचं. आता तू उलट बोलणार नाहीस, म्हणून धीर करून बोलतोय. असतास तर पहिल्याच वाक्याला म्हणाला असतास, "मास्तर, तास संपला."

तर माझं ते भाषण. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि माझा दादा सोळा वर्षांचा. त्याने वह्या माळ्यावर टाकल्या आणि गाळ्यावर मांडी घातली, ती आजतागायत मोडलेली नाही. तो बसला म्हणून मी उभा राहिलो. इथे टाळी यायची. ती आली की मी आवाज खाली आणून तुझ्या गुडघ्यांबद्दल सांगायचो. इतकी वर्षं मांडी घालून बसल्यामुळे त्याचे गुडघे कामातून गेले आहेत, दर सोमवारी दुपारी तो शेक घ्यायला जातो, पण तोंडातून एक शब्द काढत नाही. इथे बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी राज्यशास्त्र शिकवतो. स्वातंत्र्य म्हणजे काय, हा माझा आवडता पाठ. त्यातही तुझं उदाहरण दिल्याशिवाय माझा तास पुरा होत नसे.

हे सगळं असं नव्हतं, हे तू मला सांगितलं होतंस. माझी नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गाळ्यावर आलो, तुझ्या पाया पडलो आणि रडत म्हणालो की तू माझ्यासाठी शाळा सोडलीस. तू मेथीच्या जुडीतली पिवळी पानं काढत होतास. "अरे, मला शाळा आवडतच नव्हती," तू म्हणालास. "भूमितीचा तास आला की पोटात दुखायचं माझ्या. बाबा असते तरी मी इथंच आलो असतो. सकाळी माल उतरताना जो कालवा होतो ना, तो मला आवडतो. उगीच काय रडतोस? पेढे ओले होतील."

आणि मी काय केलं? आणखी रडलो. मला वाटलं, काय हे मन! माझ्यावर ओझं राहू नये म्हणून हा माणूस खोटंसुद्धा बोलायला तयार आहे. पुढच्या भाषणात मी तेही घातलं. असंच चालू राहिलं. तू जितकं नाही म्हणायचास तितका तू मोठा व्हायचास. तू चिडलास तर मी म्हणायचो, थकलाय बिचारा. तू हसलास तर म्हणायचो, दुःख हसण्यावारी नेतोय. एकदा मात्र तू भाजीवर पाणी मारता मारता थांबलास आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणालास, "मास्तर, मला कुणी बसवलं नाही. मी बसलोय. बसलेल्या माणसाला सारखं 'बसवलं, बसवलं' म्हटलं की त्याला उठायची पंचाईत होते." मी ते हसून सोडून दिलं. बाजूला एक गिऱ्हाईक होतं, त्याला म्हणालो, "बघा, कसा बोलतो!"

शैलाताईंना तुझ्याकडे मीच पाठवलं होतं. आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची मेस. नवरा गेल्यावर सुरू केलेली, चाळीसेक मुलं जेवायची. एकदा त्या म्हणाल्या, इथली भाजी दोन दिवसांत मान टाकते. मी म्हणालो, मंडईत माझ्या भावाकडे जा, माझं नाव सांगा. त्या गेल्या आणि मग आठवड्यातून दोनदा जायला लागल्या. मला यात काही दिसलं नाही. एका रविवारी मी गाळ्याशी टेकलो होतो आणि त्या आल्या. तू त्यांच्यासमोर वांग्यांची अख्खी पाटी सरकवलीस आणि त्या एकेक वांगं दाबून, देठ बघून निवडायला लागल्या. दादा, तू उभ्या आयुष्यात कुणाला वांगी निवडू दिली नव्हतीस. निवडायला हात घातला की म्हणायचास, "घरी नेऊन निवडा, इथं मी निवडलेली आहेत." नीलालासुद्धा तू असंच ऐकवलं होतंस, आणि ती तुझी सख्खी भावजय. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे काही महिन्यांनी तूच सांगितलंस. आज त्याला बारा वर्षं झाली. कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना, वर न बघता म्हणालास, "मास्तर, मी शैलाला विचारलं. ती हो म्हणाली. रजिस्टर करू म्हणतो. हार-तुरे नकोत, तू आणि नीला सह्यांना या."

मी म्हणालो, "अरे वा."

मग थोड्या वेळाने म्हणालो, "घाई नको करू."

"एकोणपन्नासाव्या वर्षी कसली घाई?"

"तसं नाही, पण लोक..."

"लोक भाजी घेतात आणि जातात."

"आणि त्या बौद्ध आहेत," मी म्हणालो. हे मी म्हणालो, दादा. समतेवर ज्याचं पुस्तक आहे, आंतरजातीय लग्नांच्या सत्कारांना जो पाहुणा म्हणून जातो, तो मी. लगेच पुढे म्हणालो, "म्हणजे मला काही नाही रे, पण आपले नातेवाईक." तू जुडीची गाठ मारलीस आणि म्हणालास, "तुझ्या पुस्तकात चालतं ना? मग झालं." माझी पिशवी भरून माझ्यासमोर ठेवलीस. तू खूश होतास. मी तुला तसं फार वेळा बघितलं नव्हतं आणि मला ते सहन झालं नाही.

यातलं सगळ्यांत वाईट अजून सांगायचं आहे. नातेवाईक हे एक कारण होतं. जात होती, मी कितीही नाकारलं तरी होती. पण खोलवर वेगळंच काहीतरी होतं. तू लग्न करून सुखात राहिला असतास तर मी कोण उरलो असतो? ज्याच्यासाठी कुणीतरी आयुष्य जाळलं असा तो भाऊ मी होतो. ते आयुष्य जळलेलंच नाही, चांगलं हिरवंगार आहे, असं दिसलं असतं तर माझ्या उभ्या राहण्याला अर्थ काय? माझा मोठेपणा तुझ्या मांडीवर उभा होता. तू उठलास तर मी पडणार, असं मला वाटलं. हे त्या वेळी मला इतकं स्पष्ट कळलं होतं असं म्हणणार नाही. पण हातून जे झालं ते समजून-उमजून केल्यासारखंच झालं.

मी तुला नाही म्हणालो नाही. मी बबनरावांकडे गेलो. म्हणालो, दादाला गाळ्यावर बसून तेहतीस वर्षं होतायत, मंडळाने काहीतरी करायला हवं. बबनरावांना सत्कार करायला फक्त माणूस लागतो. त्यांनी जागेवरच तारीख धरली. दादा, तेहतीस वर्षांचा सत्कार कुणी करतं का? पंचवीस वर्षांचा करतात, पन्नास वर्षांचा करतात. बबनरावांना हा प्रश्न पडला नाही. नीलाला पडला. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवून म्हणाली, "तेहतीस? आणि दादांना विचारलंस का?" मी म्हणालो, त्याला सरप्राइज आहे. ती पुन्हा पोळी लाटायला लागली, पण तिने माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. तूही विचारलंस. हॉलमध्ये तुला नेलं, दारातला फ्लेक्स तू वाचलास आणि मला म्हणालास, "तेहतिसावं काय असतं रे?"

मानपत्र मीच लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं, मला लिहिता येतं. त्यात एक वाक्य होतं, 'धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ज्यांनी आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत स्वीकारले.' तू असं कुठलंही व्रत घेतलं नव्हतंस. एकोणपन्नास वर्षांचा होतास आणि पंधरा दिवसांपूर्वी एका बाईने तुला हो म्हटलं होतं. बबनरावांनी ते घसा साफ करून वाचलं. तू त्या उंच, लाल गादीच्या खुर्चीत बसला होतास. गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर नारळ, डोक्यावर पुणेरी पगडी. पगडी तुला लहान होत होती, ती पडू नये म्हणून तू मान ताठ धरून बसलास. एवढं सगळं अंगावर घातल्यावर माणसाला उठून जाता येत नाही. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. शैलाताई मागून तिसऱ्या रांगेत होत्या, भाजीची पिशवी पायाशी ठेवून बसल्या होत्या. तू त्यांच्याकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. मी टाळ्या वाजवत होतो.

त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मीही नाही. मुकुटासारखी पगडी घातलेला तुझा तो फोटो मी मोठा करून आणला आणि तुझ्या घरी स्वतः खिळा ठोकून लावला. तू खुर्ची धरून उभा होतास, मी पडू नये म्हणून. "सरळ आहे का?" मी वरून विचारलं. म्हणालास, "सरळच आहे. आता कुठं जातोय."

बारा वर्षं मी असं धरून चाललो की तू ते मनातून काढून टाकलंस. सोयीचं होतं.

दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी गाळा आवरायला गेलो. शेजारच्या गाळ्यावरच्या मावशींनी तुझी उरलेली भाजी विकून टाकली होती, पाट्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. मी वजनकाटा उचलला तर त्याच्या एका पायाखाली काहीतरी चपटं, चिकट सापडलं. लॅमिनेशन केलेलं, दोनदा दुमडलेलं. ओटा तिथे जरा खाली आहे, काटा डुगडुगत असणार, म्हणून तू ते घातलं होतंस. उलगडलं तर मानपत्र. अक्षरांची बाजू खाली. मी मावशींकडे बघितलं.

"पयल्यापास्नंच हाय त्ये तिथं," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं बी, तात्या, सत्काराचा कागूद हाय, घरी लावा. तर म्हनले, हितं त्याचा उपेग हाय." मावशी लहान गावातून लग्न होऊन आलेल्या, चाळीस वर्षं मंडईत काढली तरी बोलणं तेच. मग मला म्हणाल्या, "सोमवारची बाई आलती का दहाव्याला? मला दिसली न्हाई."

"कोण सोमवारची?"

"शेक देनारी," मावशी म्हणाल्या आणि लिंबं रचायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला मात्र वांग्यांची ती पाटी आठवली.

सोमवारी दुपारी मी कर्वेनगरला शैलाताईंच्या मेसवर गेलो. माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. बारा वर्षं मी त्या गल्लीने गेलो नव्हतो, पुढच्या चौकातून वळसा घालून कॉलेजला जायचो. मुलांची जेवणं उरकली होती. त्या ताटं पुसत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेत त्यांचे. मला बघून म्हणाल्या, "या सर," आणि एका खुर्चीकडे हात केला. खिडकीपाशी होती, हाताची, प्लॅस्टिकची. मी बसल्यावर म्हणाल्या, "तिथंच बसायचे."

मी विचारलं, दर सोमवारी?

"दर सोमवारी, तीन ते पाच. आले की पाय लांब सोडून बसायचे. म्हणायचे, मांडी घालायला सांगू नकोस. मी कधी म्हटलं, एवढी गवार मोडून द्या, तर उठून गच्चीत जायचे. भाजीला हात लावायचे नाहीत. चहा घ्यायचे, पेपरमधलं शब्दकोडं सोडवायचे, आणि मग चिडायचे."

"चिडायचा?" मी तुला चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं असेल, पण हिशेबात धरलं नव्हतं.

"खूप. पावसावर, गुडघ्यावर, माझ्या आमटीवर. आमटीवर तर कायमच. वसंतचं आणि माझं त्यावरून एकदा महिनाभर बोलणं बंद होतं. तरी सोमवारी येऊन बसायचा, न बोलता."

वसंत. दादा, आई गेल्यापासून तुझं नाव असं सुटं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला क्षणभर कळेचना, कुणाबद्दल बोलतायत.

मी विचारलं, मग लग्न का नाही केलंत? विचारल्यावर लाज वाटली, पण तोपर्यंत विचारून झालं होतं. त्या ताट पुसत राहिल्या. म्हणाल्या, "मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाला, आता भिंतीवर फोटो लागलाय. दुसऱ्यांदा म्हणाला, मास्तरचं भाषण मोडेल, त्याला दुसरं येत नाही. त्यानंतर मी विचारायचं सोडलं. मलाही मुलांची जेवणं होती."

"माझ्याबद्दल बोलायचा?"

"नाही," त्या म्हणाल्या. मला वाईट वाटू नये असं काही त्यांनी त्या नाहीमध्ये घातलं नाही. "इथं तो कुणाचा भाऊ नव्हता. एकदाच बोलला. म्हणाला, मास्तरला माझी कीव येते, आणि त्याला ती कीव फार आवडते."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. समोर एक दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे, दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या. हेच तू बारा वर्षं बघत होतास. मग मी ज्यासाठी गेलो होतो ते बोललो. म्हणालो, रविवारी मंडळाने शोकसभा ठेवली आहे. तुम्ही या. पहिल्या रांगेत बसा, घरच्यांबरोबर. मी सगळं खरं सांगणार आहे. बोलताना माझा आवाज भरून आला, आणि तुला सांगतो, त्याही वेळी माझ्या मनात आलं की वाक्य चांगलं झालं.

शैलाताईंनी शेवटचं ताट मांडणीवर ठेवलं. "नको सर," त्या म्हणाल्या. "तिथं ज्यांची सभा आहे त्यांना मी ओळखत नाही." मग म्हणाल्या, "जेवला नसाल तर जेवून जा. ताट ज्याचं त्याने धुवायचं, इथं सगळ्यांना तेच आहे." मी जेवलो. आमटी खरंच खारट होती.

तरी मी रविवारी बोललो, दादा. तोच हॉल, तीच लाल गादीची खुर्ची, तिच्यावर तुझा तोच पगडीवाला फोटो, हार घातलेला. फ्लेक्सवर 'त्यागमूर्ती तात्या'. पन्नास-साठ माणसं होती, मंडईतली, माझ्या कॉलेजातली. मी माइकसमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा ते भाषण केलं नाही. म्हणालो, माझ्या भावाने माझ्यासाठी शाळा सोडली नाही. त्याला शाळा आवडत नव्हती, मंडई आवडत होती, हे त्याने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. म्हणालो, त्याने कुठलंही व्रत घेतलं नव्हतं, ते मानपत्रात मी माझ्या मनाने लिहिलं. त्याला लग्न करायचं होतं. बाई ठरली होती, तिने हो म्हटलं होतं. मला ते नको होतं, त्याची कारणं सांगायला मला लाज वाटते आणि त्यातलं एक कारण तिची जात हे आहे. त्याचा तो सत्कार मी त्याला थांबवण्यासाठी घडवून आणला. माझा भाऊ त्यागमूर्ती नव्हता. तो साधा माणूस होता आणि त्याला मी साधं जगू दिलं नाही.

एवढं बोलून थांबलो. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. मला काहीतरी बोलेल. निदान एखादा माणूस उठून बाहेर जाईल. मी वाट बघत उभा राहिलो. पहिल्या रांगेत एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग दुसऱ्या बाईंनी लावला. आणि बबनराव उठून माझ्यापाशी आले, त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि माइककडे तोंड करून रडवेल्या आवाजात म्हणाले, "बघा मंडळी! जन्मभर भावाने यांच्यासाठी सोसलं, आणि आज हे सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतायत. भावाच्या पाठीमागे एवढं मन कोण दाखवतं? असा भाऊ होता म्हणून असा भाऊ!"

टाळ्या पडल्या, दादा. शोकसभेत.

मी म्हणालो, "बबनराव, मी खरं सांगतोय." ते म्हणाले, "खरंच आहे, खरंच आहे," आणि मला थोपटलं. मी पुन्हा माइककडे गेलो, म्हणालो, कृपा करून ऐका, हे मोठेपणाने बोलत नाहीये. तर मागून कुणीतरी हुंदका दिला. बबनरावांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढल्या वर्षीपासून मंडळ तुझ्या नावाने बंधुप्रेमाचा पुरस्कार देणार आणि पहिला पुरस्कार सरांना. मी ओरडलोच जवळजवळ, "मला नको!" बबनराव सभेकडे वळून म्हणाले, "ऐकलंत?" आणि सभेने कौतुकाने माना हलवल्या. कुणीतरी मला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं, तुझ्या फोटोशेजारच्या. पाणी दिलं. मी मान ताठ धरून बसलो. डोक्यावर काही नव्हतं, तरी बसलो.

रिक्षा कर्वे रस्त्याला लागल्यावर नीला म्हणाली, "बारा वर्षं उशीर केलास. तेव्हा एकट्या दादांना सांगितलं असतंस तर पुरलं असतं."

आज सकाळी गाळ्यावर आलो. मावशींनी सरकून जागा केली. मी चढून बसलो, मांडी घातली. मागच्या भिंतीचा दगड पाठीला लागतो आणि समोरच्या पाट्यांमुळे पाय सोडता येत नाहीत, हे मला पहिल्यांदा कळलं. चोपन्न वर्षांचा झालो, शेकडो रविवार या ओट्याला टेकलो, पण इकडच्या बाजूने मंडई कधी बघितली नव्हती. इथून माणसं चांगली दिसतात, दादा. कालवा तर फारच छान आहे. तू खरं बोलत होतास.

आणि मला तुझा राग आला. एकदा तरी ती पगडी काढून खाली ठेवायचीस. त्या दिवशी हॉलमध्ये उठून म्हणायचं होतंस की मास्तर खोटं बोलतोय, मी लग्न करतोय, ती बघा तिथे मागे बसली आहे. मी तुझं तोंड पाहिलं नसतं महिनाभर, दोन महिने. मग आलो असतो पिशवी घेऊन. तुला एवढाही भरवसा नव्हता माझा? माझं एक भाषण वाचवायला तू उरलेल्या आयुष्याचे, सोमवार सोडून, सगळे वार देऊन टाकलेस? शेवटी त्याग केलासच की रे. मी खोटं खोटं सांगत होतो, आणि तू ते खरं करून ठेवलंस. गाढवा, हे कुणी सांगितलं होतं तुला? मी इतक्या मोठ्याने बोललो असेन की मावशींनी वळून बघितलं, आणि मग गिऱ्हाइकाला कोथिंबीर द्यायच्या निमित्ताने पाठ केली.

पहिल्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाव किलो वांगी मागितली. मावशींनी एक पाटी माझ्यापुढे ठेवली होती. मी वजन करायला काटा ओढला, तर तो डुगडुगला. मानपत्र माझ्या पिशवीत होतं, घरी न्यायचं म्हणून ठेवलेलं. ते काढलं. तू घातलेल्या घड्यांवरच दुमडलं, अक्षरं खाली केली आणि काट्याच्या त्याच पायाखाली सरकवलं. मग पाटी त्या बाईंच्या पुढे ढकलली आणि म्हणालो, "निवडून घ्या."